राहून गेलेली बेल

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेपरात एक छोटीशी बातमी येते. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस. कुठेतरी मेणबत्त्या, कुठेतरी इमारतीवर नारिंगी दिवे, कुणातरी मोठ्या माणसाचं भाषण. मावशीने ती बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "या युनोवाल्यांना दुसरे काही उद्योग नाहीत का रे? न्यूयॉर्कात बसून ठराव करायचे. त्याने कुणाच्या नवऱ्याचा उगारलेला हात खाली आलाय का कधी?"

मावशी निवृत्त शिक्षिका आहे. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले, आता आम्हाला विचारते. मी नेहमीसारखं हसून "तेही खरंच आहे म्हणा" असं काहीतरी पुटपुटलो, पोह्यांची दुसरी डिश घेतली आणि विषय मिटला. पण परतीच्या लोकलमध्ये तो प्रश्न काही पाठ सोडेना. याचं कारण थोडं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो. आधी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. ती हे वाचणार आहे (भाचेसुनेच्या मोबाईलवर, चष्मा कपाळावर चढवून), त्यामुळे जरा जपूनच लिहायला हवं. :)

सुरुवात तारखेपासूनच करू. २५ नोव्हेंबरच का?

डोमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन समुद्रातला एक देश. तिथे त्रुहियो नावाच्या हुकूमशहाने तीस वर्षं राज्य केलं. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांमध्ये मिराबाल घराण्यातल्या तीन बहिणी होत्या. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा. चळवळीत त्यांचं टोपणनाव होतं 'फुलपाखरं'. २५ नोव्हेंबर १९६० रोजी तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना त्यांची गाडी अडवली गेली. तिघींना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारण्यात आलं आणि गाडी दरीत लोटून अपघाताचा देखावा केला गेला. कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. पुढच्या सहा महिन्यांत, मे १९६१ मध्ये, त्रुहियोचाही खून झाला. देदे नावाची चौथी बहीण मागे राहिली होती. तिने बहिणींची मुलं वाढवली, आठवणी जपल्या आणि ती २०१४ साली वारली.

१९८१ साली कोलंबियात, बोगोटा इथे, लॅटिन अमेरिकेतल्या स्त्री कार्यकर्त्यांचं संमेलन भरलं. त्यांनी ठरवलं की हा दिवस आपण पाळायचा. संयुक्त राष्ट्रांनी तो अधिकृत केला १९९९ साली. म्हणजे अठरा वर्षांनी! तेव्हा मावशी, पहिली गोष्ट ही की हा दिवस न्यूयॉर्कात बसलेल्या कुणाच्या डोक्यातून आलेला नाही. तो एका गरीब देशातल्या दरीतून वर आला आणि न्यूयॉर्कने उशिरा का होईना, सही केली.

आता दुसरी गोष्ट. आपल्याला आज वाटतं की बायकोला मारणं हा गुन्हा आहे हे जगाला पहिल्यापासून माहीत असणार. तसं मुळीच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९७९ मध्ये स्त्रियांबाबतचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार केला. त्याला 'सीडॉ' म्हणतात. तीस कलमं आहेत. शिक्षण, मतदान, नोकरी, आरोग्य, लग्न, सगळं आहे. पण घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल त्यात थेट एक शब्द नाही. तीस कलमं लिहिणाऱ्या शहाण्या माणसांना ते सुचलं नाही, किंवा सुचूनही तो मानवी हक्कांचा विषय वाटला नाही. कारण मानवी हक्क म्हणजे सरकार नागरिकावर करतं तो अन्याय, अशी कल्पना होती. पोलिसाने कोठडीत मारलं तर मानवी हक्कांचा भंग. नवऱ्याने स्वयंपाकघरात मारलं तर... ते घरगुती.

घरगुती. काय शब्द आहे पहा! घरगुती लोणचं, घरगुती मसाला, घरगुती भांडण.

या शब्दाचं कुंपण तोडायला चौदा वर्षं लागली. १९९२ मध्ये सीडॉच्या समितीने एक शिफारस काढून स्पष्ट केलं की बाईवर ती बाई आहे म्हणून होणारी हिंसा हा भेदभावच आहे, म्हणजे ती या करारात येते. १९९३ च्या जूनमध्ये व्हिएन्नात मानवी हक्कांची जागतिक परिषद भरली, तेव्हा जगभरातल्या बायकांनी लाखो सह्या गोळा करून आणल्या आणि तिथे एक लोकन्यायालय भरवून आपापल्या कहाण्या सांगितल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात कुटुंबात होणारी हिंसा, समाजात होणारी हिंसा आणि सरकारकडून होणारी किंवा सरकारने डोळेझाक केलेली हिंसा, असे तिन्ही प्रकार लिहिले. रीतिरिवाज, परंपरा, धर्म ही कारणं पुढे करून सरकारांनी जबाबदारी टाळू नये असंही लिहिलं. पुढच्या वर्षी या विषयाचा अहवाल देण्यासाठी एक खास प्रतिनिधी नेमली गेली. पहिल्या प्रतिनिधी होत्या श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी. १९९५ साली बीजिंगला मोठी परिषद झाली.

मावशी म्हणेल, झाले ना पुन्हा ठराव आणि परिषदा! बरोबर. म्हणून आता दोन बायकांच्या गोष्टी सांगतो.

पहिली ब्राझीलची. मारिया दा पेन्या. फोर्तालेझा शहरात राहणारी, औषधशास्त्र शिकलेली, तीन मुलींची आई. १९८३ साली नवऱ्याने ती झोपेत असताना तिच्या पाठीवर गोळी झाडली. चोर आले होते अशी बतावणी केली. ती वाचली, पण कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने तिला न्हाणीघरात विजेचा धक्का देऊन मारायचा प्रयत्न केला. खटला उभा राहिला. पहिली शिक्षा झाली १९९१ मध्ये. अपील. दुसऱ्यांदा खटला, दुसऱ्यांदा शिक्षा १९९६ मध्ये. पुन्हा अपील. आणि या सगळ्या काळात तो माणूस मोकळा! (तारीख पे तारीख ही काही फक्त आपलीच मिरासदारी नाही.)

१९९८ मध्ये मारियाने दोन संघटनांच्या मदतीने देशाबाहेरचं दार ठोठावलं. अमेरिका खंडातल्या देशांचा मिळून एक मानवी हक्क आयोग आहे. आणि स्त्रियांवरील हिंसेबद्दल त्या देशांनी १९९४ साली ब्राझीलमधल्याच बेलेम शहरात एक करार केला होता. आयोगाने ब्राझील सरकारला विचारणा केली. सरकारने उत्तरच दिलं नाही. २००१ मध्ये आयोगाने निवाडा दिला की यात फक्त नवरा नाही, ब्राझीलचं सरकार दोषी आहे, कारण त्याने इतकी वर्षं काही केलं नाही आणि असं न करणं ही त्याची सवयच आहे. २००२ मध्ये नवरा तुरुंगात गेला. मुदत संपून खटलाच बाद व्हायला थोडाच अवधी उरला होता. आणि ऑगस्ट २००६ मध्ये ब्राझीलने घरगुती हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो कायदा आज तिच्या नावानेच ओळखला जातो.

हात खाली आला का? मारियावर उगारलेला नाही आला. तिचं नुकसान झालं ते झालं. पण ज्या सरकारला घरची बाई ओरडलेली ऐकू येत नव्हती, त्याला शेजारपाजारच्या देशांनी चारचौघांत विचारल्यावर ऐकू आलं. आपल्याकडे नाही का, सुनेचं कुणी ऐकत नाही, पण भावकीत बोभाटा झाला की सासरा बैठक बोलावतो. आंतरराष्ट्रीय करार म्हणजे दुसरं काय, देशांची भावकीच ती.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. राजस्थानातल्या भटेरी गावातल्या भंवरीदेवी. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत. बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, हे त्यांचं सरकारी काम होतं. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. भंवरीदेवींना स्वतःला न्याय मिळाला असं म्हणायला तोंड धजत नाही. पण त्यांच्या घटनेनंतर 'विशाखा' आणि इतर संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. प्रश्न होता की बाई कामावर असताना तिच्यावर अत्याचार झाला तर मालकाची जबाबदारी काय? तेव्हा देशात तसा कायदाच नव्हता.

ऑगस्ट १९९७ मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, बी. एन. कृपाल आणि मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती राहिलेल्या सुजाता मनोहर. त्यांनी काय केलं, तर भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला तोच सीडॉ करार हातात घेतला. आपल्या देशाने जगापुढे शब्द दिला आहे, आपल्या घटनेतल्या मूलभूत हक्कांशी तो विसंगत नाही, आणि संसदेने अजून कायदा केलेला नाही. तर कायदा होईपर्यंत या शब्दाच्या आधाराने आम्ही नियम घालून देतो, आणि ते सगळ्यांवर बंधनकारक राहतील. हीच ती विशाखा मार्गदर्शक तत्त्वं. पुढे सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, संसदेने कायदा केला आणि त्याच्या प्रास्ताविकातच त्या कराराचा उल्लेख आहे. आज ज्यांच्या ऑफिसात तक्रार समितीचा बोर्ड लावलेला आहे (आमच्याकडे तो झेरॉक्स मशीनच्या मागे लावला आहे, तो विषय वेगळा), त्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं की तो बोर्ड भटेरी गावातून निघून न्यूयॉर्कमार्गे आपल्या भिंतीवर आलेला आहे.

२००५ चा घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदाही तसाच. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, म्हणजे ब्राझीलच्या कायद्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. त्या विधेयकाच्या उद्देशांमध्येही व्हिएन्ना, बीजिंग आणि सीडॉ समिती यांची नावं आहेत. या कायद्याने मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैशांची कोंडी, लैंगिक जबरदस्ती हेही हिंसा म्हणून मोजलं. आणि घर कुणाच्याही नावावर असो, बाईला राहत्या घरातून हाकलता येणार नाही असं सांगितलं. 'ऊठ आणि चालती हो माझ्या घरातून' हे वाक्य आपण सिनेमात किती वेळा ऐकलंय? त्या वाक्याला कायद्याने पहिल्यांदा उत्तर दिलं.

आता एक आक्षेप नेहमी येतो, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तर हमखास येतो. हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या संस्कृतीत बाईला देवी मानतात, बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये. यावर मी फार वाद घालत नाही, फक्त काही नावं सांगतो.

ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या. 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ चं. त्या काळी युनोच काय, युनोची आजीही जन्मली नव्हती.

रखमाबाई. मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर त्या माणसाकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने कोर्टात खेचलं. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. हा खटला मुंबईइतकाच इंग्लंडमध्ये गाजला. १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला त्यामागच्या वादळात या खटल्याचाही वाटा होता. तेव्हाही आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांचं म्हणणं हेच होतं की बाहेरच्यांनी आमच्या घरात नाक खुपसू नये. वय दहाचं बारा करण्यावरून एवढं रामायण!

आणि मथुरा. आत्ताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची आदिवासी मुलगी. १९७२ साली पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडून दिलं, कारण तिच्या अंगावर खुणा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असणार. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. हे सगळं व्हिएन्नाच्या दहा वर्षं आधीचं आहे. तेव्हा कुणी कुणाला काय शिकवलं? मला तर वाटतं की जिथे जिथे बाई बोलली तिथला आवाज वर गेला, आणि वरून तो जाहीरनामा होऊन खाली आला. समुद्राचं पाणी ढग होऊन डोंगरावर पडतं तसं. पाऊस परका आहे म्हणून कुणी छत्री विकत घेत नाही.

असो. आता मावशीच्या बाजूने बोलतो, कारण तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.

तुर्कस्तान घ्या. तिथल्या एका बाईने नवऱ्याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या. पोलिसांनी प्रत्येक वेळी मिटवामिटवी केली. २००२ मध्ये नवऱ्याने तिच्या आईला गोळी घालून मारलं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये तुर्कस्तानला दोषी धरलं. दोन वर्षांनी युरोपातल्या देशांनी या विषयावर एक कडक करार केला, आणि तो सह्यांसाठी खुला झाला इस्तंबूलमध्येच. म्हणून नाव इस्तंबूल करार. त्याला सगळ्यात आधी अंतिम मान्यता देणारा देश कोणता? तुर्कस्तान. आणि २०२१ च्या मार्चमध्ये एका रात्रीत राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने त्यातून बाहेर पडणारा पहिला देश कोणता? तोही तुर्कस्तान. बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या, पण १ जुलै २०२१ पासून त्या करारापुरता त्या देशाचा संबंध संपला. कागद तो कागदच. सही करणारा हात ती पुसूही शकतो.

अमेरिकेने सीडॉवर १९८० मध्ये सही केली पण त्याला मान्यता आजतागायत दिलेली नाही. (तिकडच्या भावंडांनो, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये.) तरी तिथे १९९४ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे कराराशिवायही गोष्टी होऊ शकतात, आणि करार असून न होऊ शकतात.

आणि आपण? आपण सीडॉ मान्य केला तो एक शेपूट लावून. कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाने पुढाकार घेतल्याशिवाय आणि संमती दिल्याशिवाय हस्तक्षेप न करण्याचं आमचं धोरण आहे, त्याला धरून आम्ही हे पाळू. म्हणजे पुन्हा तोच शब्द, फक्त सरकारी भाषेत. घरगुती! लग्नातल्या बलात्काराचं तेच. २०२४ च्या जुलैपासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती हा बलात्कार नाही, हा अपवाद जुन्या कायद्यातून नव्यात जसाच्या तसा आला. २००५ च्या कायद्यातले संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी दुसऱ्या कामांच्या ओझ्याखाली आहेत, हेही खरं.

आकडे सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं सांगते आहे की जगातल्या दर तीन बायकांपैकी जवळपास एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं म्हणणारे पुरुष होते ४४ टक्के आणि बायका ४५ टक्के. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे मदत मागणाऱ्या? फक्त १४ टक्के.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. त्याचं कारण आता सांगतो.

१९९८. एप्रिल महिना. आम्ही तेव्हा डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. शारजाची मॅच. तीच ती, वाळूच्या वादळाची, सचिनने १४३ काढले ती. घरात आम्ही पाच-सहा जण. मावशी आणि काकाही राहायला आले होते. वादळामुळे खेळ थांबला होता, टीव्हीवर नुसती वाळू उडताना दिसत होती. आणि शेजारच्या ब्लॉकमधून आवाज यायला लागले. पहिल्यांदा नव्हते येत. भांडं पडल्याचा आवाज, मग त्याचा आवाज, मग तिचा. मग भिंतीवर काहीतरी आदळल्याचा आवाज. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "जरा मोठा कर रे." मी उठलो आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खेळ थांबलेला होता. ऐकण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. एप्रिलच्या उकाड्यात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. आईने विरजण दिलं. काल काय मॅच झाली, असं काहीतरी बोलणं झालं. आम्ही वाईट माणसं नव्हतो हो. त्यांच्या मुलीला खाऊ द्यायचो, गणपतीला बोलवायचो. वर्षाभराने ते लोक घर बदलून गेले आणि आम्हाला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

काही वर्षांपूर्वी ठाण्याला एका लग्नात त्या भेटल्या. केस पिकलेले, चेहरा प्रसन्न. मुलगी शिकून नोकरीला लागली, दोघी एकत्र राहतात, स्वतः एका पतपेढीत होत्या, आता निवृत्त. जेवणाच्या रांगेत उभे असताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा आम्ही काहीच केलं नाही." त्या रागावल्या नाहीत. ताटलीतला पापड मोडत म्हणाल्या, "तुमच्याकडचा टीव्ही मोठा झाला की मला कळायचं, तुम्हाला ऐकू गेलंय." आणि मग, "त्यालाही कळायचं."

त्यालाही कळायचं. म्हणजे आम्ही आवाज वाढवून त्याला सांगत होतो की चालू दे, आमची हरकत नाही.

२००८ साली आपल्याकडे 'बेल बजाओ' नावाची मोहीम सुरू झाली होती. टीव्हीवरच्या जाहिराती आठवत असतील. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, एक माणूस अस्वस्थ होऊन उठतो, त्यांच्या दाराची बेल वाजवतो आणि कपभर दूध मागतो, किंवा एक फोन करू का म्हणतो. बस, एवढंच. भाषण नाही, मारामारी नाही. आतल्याला कळतं की बाहेर कुणाला तरी ऐकू येतंय. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध जागतिक मोहीम सुरू केली, आणि त्यांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी पुढे आपल्या या बेलला जाहीर पाठिंबा दिला. ही मोहीम इथे जन्मली आणि इथून जगात गेली. मी ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा चॅनल बदललं होतं.

तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ठरावाने हात खाली येत नाही. ठरावाने एवढंच होतं की 'हे त्यांचं घरगुती आहे' हे आपलं वाक्य खोटं ठरतं. व्हिएन्नात ते खोटं ठरलं, मग दिल्लीत ठरलं, मग कायद्यात छापून आलं. २००५ च्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की घरात हिंसा होते आहे किंवा होईल असं वाटलं तर कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. 'उद्या आपल्याच अंगाशी आलं तर' या भीतीवरचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. १८१ हा हेल्पलाईनचा नंबर आहे, ११२ पोलिसांचा. मुंबईत पोलिसांबरोबर काम करणारा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा विशेष कक्ष १९८४ पासून आहे. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० सालापासून 'दिलासा' केंद्र आहे, जिथे 'पाय घसरून पडले' म्हणणाऱ्या बाईला डॉक्टर आणि समुपदेशक आणखी एक प्रश्न विचारतात. न्यूयॉर्कपासून आमच्या जिन्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या कुणी ना कुणी, चाळीस-पन्नास वर्षं खपून, बांधून ठेवल्या आहेत. शेवटची पायरी तेवढी राहिली, आमच्या दारापासून शेजारच्या दारापर्यंतची. चार पावलं. ती युनोने कशी चालायची?

हे लिहायच्या आधी मावशीला फोन केला. म्हटलं, त्या रात्रीचं लिहिणार आहे, तूही होतीस, चालेल का? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. आणि हेही लिही की मी तेव्हा तुझ्या आईला म्हणाले होते, जाऊन बघू का. आणि तुझे काका म्हणाले, बसा."

मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मी बसले."